नाहीशा झालेल्या प्रार्थनामंदिरांची स्मृती



लेण्याद्रीच्या पायऱ्या आपल्यापैकी कोण चढले नसेल? तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून, मध्ये दोन वेळा दम खाऊन, आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो आणि दर्शन झाले की घटकाभर वाऱ्याला बसून खाली उतरतो. गणपतीच्या लेण्याला लागूनच एक चैत्यगृह आहे. अभ्यासकांच्या मोजणीत ते सहावे लेणे. कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या मुलाने, सुलसदत्ताने ते करविले, असे तेथला लेख सांगतो. तेथे फार थोडे लोक थांबतात. पुढच्या खेपेस जाल तेव्हा आत जाऊन मान वर करून पाहा. कमानदार छताला या खांबापासून त्या खांबापर्यंत वाकलेल्या फासळ्या दिसतील. घराला वासे असतात तशा, ओळीने. पण त्या लाकडाच्या नाहीत. त्या दगडाच्या आहेत, डोंगरातूनच कोरून काढलेल्या.

आता विचार करा. डोंगर पोखरून केलेल्या छताला वासे कशाला हवेत? ते छत कोणी तोलून धरलेले नाही. डोंगरच तेथे उभा आहे. कार्ले-भाजे येथे छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसविलेल्या आहेत, त्यांतल्या कित्येक आजही आपल्या जागी आहेत. पण त्याही काही तोलीत नाहीत. कारण असे की, दगडात चैत्य कोरण्याची विद्या येण्यापूर्वी चैत्य लाकडाचे बांधीत. ते कुजले, जळले, वाळवीने खाल्ले. परंतु पाथरवटाच्या डोळ्यांपुढे सुताराचा चैत्य होता आणि उपासकालाही देवघर म्हणजे वाशांचे छत एवढेच ठाऊक होते. म्हणून त्याने दगडात वासे कोरले.

आपल्या तुळजा लेण्यात याहून नवलाची गोष्ट आहे. तेथला चैत्य गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमट. अशी गोल चैत्यगृहे दगडात फारशी आढळत नाहीत. राजस्थानात बैराट येथे १९३५-३६ साली दयाराम साहनी यांनी उत्खनन केले, तेव्हा विटा आणि लाकूड यांनी बांधलेल्या एका गोल मंदिराचा पाया सापडला. त्याला सव्वीस अष्टकोनी लाकडी खांब होते. खांब अर्थातच राहिले नव्हते. त्यांच्या खाचा राहिल्या होत्या. त्या खाचांवर काय उभे असेल याची कल्पना यावी म्हणून अभ्यासक तुळजा लेण्याकडे बोट दाखवितात. दूर राजस्थानात मोडून पडलेल्या मंदिराच्या जातीचा नमुना जुन्नरच्या पाथरवटाने सांभाळून ठेवला, आणि तेही त्याच्या ध्यानीमनी नसताना!

हे सारे मी आरंभी सांगितले ते आजच्या विषयासाठी. यहुदी लोकांच्या नष्ट झालेल्या प्रार्थनामंदिरांची स्मृती कलेने कशी राखली, हा आजचा विषय. जुन्नरच्या सभागृहात हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण ज्या गावच्या डोंगरांनी लाकडाची आठवण दगडात जपली, त्या गावाला हा विषय परका वाटू नये, असे मला वाटते.

यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणतात. आपल्या मराठी माणसाने मात्र त्याला आपल्या पद्धतीने नावे दिली. पुण्याच्या छावणीत डेव्हिड ससून यांनी बांधविलेले लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे सिनेगॉग पुणेकर 'लाल देऊळ' म्हणून ओळखतात. मुंबईत बेने इस्रायल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. टिपूच्या कैदेतून सुटका झाली त्याची ती फेड, अशी त्या समाजाची परंपरा. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे मानतात. रोज त्या स्थानकावर उतरणाऱ्या हजारोंना याची गंधवार्ता नसेल.

या लाल देवळाचे खरे नाव 'ओहेल डेव्हिड'. ओहेल म्हणजे तंबू, दाविदाचा तंबू. रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे १९२१ सालचे सिनेगॉग आहे, त्याचे नाव 'सुक्काथ शेलोमो'. सुक्का म्हणजे पानाफांद्यांचा मांडव, शलमोनाचा मांडव. पक्क्या विटांच्या इमारतीला तंबू आणि मांडव म्हणावे, हे पाहून मला पहिल्याने हसू आले होते. पुढे त्याचा अर्थ लागला. या लोकांचे पहिले पूजास्थान रानातून वाटचाल करताना उभारलेला तंबू होता, असे त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. नंतर जेरुसलेमला दगडी मंदिर झाले, ते मोडले. पुन्हा झाले, ते इ. स. ७० मध्ये रोमन फौजांनी जाळले. त्या मंदिरातली सात शाखांची सोन्याची समई लुटून रोमला नेली. तिची मिरवणूक सम्राट टायटसच्या विजयकमानीवर कोरलेली आहे. समई कोठे गेली कोणास ठाऊक. पण जिंकणाऱ्याने फुशारकीने कोरलेले ते चित्र राहिले, आणि १९४९ साली इस्रायलच्या नव्या राज्याने आपले राजचिन्ह ठरविले तेव्हा समईचा आकार त्या शत्रूच्या कमानीवरूनच घेतला. इतिहासाची अशी थट्टा क्वचितच पाहावयास मिळते.

आता पोलंडकडे वळू. सतराव्या-अठराव्या शतकांत पोलंडच्या मोठ्या राज्यात, म्हणजे आजचा पोलंड, लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेन यांच्या मुलुखात, यहुद्यांची लहानलहान बाजारगावे होती. शिंपी, चांभार, धान्याचे व्यापारी अशी साधी वस्ती. जंगल जवळ, लाकूड स्वस्त. म्हणून प्रार्थनामंदिरेही लाकडाची. बाहेरून पाहावे तर एकावर एक चढविलेली दोन-दोन, तीन-तीन छपरे, त्यांवर लाकडी फळ्यांची कौले; दुरून एखादे मोठे धान्याचे कोठारच वाटावे. आत पाऊल टाकले की मात्र डोळे दिपत. भिंतीपासून थेट शिखरापर्यंत फळी न् फळी रंगविलेली. वेली, फुले, पशुपक्षी, आणि मधूनमधून हिब्रू प्रार्थनांचे पाठ, कारण पोथी सर्वांजवळ नसे.

या मंदिरांची मोजदाद पहिल्या महायुद्धानंतर नेटाने सुरू झाली. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात ओस्कार सोस्नोव्स्की नावाचे प्राध्यापक होते. ते उन्हाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांना वही, फूटपट्टी आणि दोर देऊन खेडोपाडी धाडीत. विद्यार्थी तुळया मोजीत, छेद काढीत, सांधे कसे बसविले आहेत ते पाहून टिपीत. शिमोन झायचिक हे यहुदी कलेतिहासकार त्यांच्याबरोबर छायाचित्रे घेत. त्या तरुण पोरांना तेव्हा हे काम कंटाळवाणेच वाटले असेल. वास्तुशास्त्राची पदवी घ्यावयाची तर जुन्या इमारतीची मोजणी करून दाखवावी लागते, म्हणून ते करीत होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने वॉर्साला वेढा घातला. सोस्नोव्स्की त्या वेढ्यात प्राणांस मुकले. आपल्या संस्थेतले कागद वाचवू पाहत असताना त्यांना जखम झाली होती. झायचिक १९४३ मध्ये मारले गेले. पोलंडमध्ये युद्धापूर्वी तेहतीस लाखांच्या आसपास यहुदी होते, त्यांतले सुमारे तीस लाख मारले गेले. माणसांची ही कथा झाल्यावर इमारतींचे काय सांगावे? लाकडी मंदिरे काडी लावताच पेटली. आज पोलंडच्या हद्दीत त्या जुन्या लाकडी सिनेगॉगांपैकी एकही उभे नाही. लिथुआनियात थोडी वाचली. ती साधी, उशिरा बांधलेली.

विद्यार्थ्यांच्या वह्यांपैकीही पुष्कळ जळाले. जे उरले त्याचा काही भाग १९४४ च्या उठावानंतर शहराबाहेर नेऊन प्योत्रकूव गावच्या एका मठात, थडग्यांच्या तळघरात लपविण्यात आला. मेलेल्यांच्या शेजारी मेलेल्या इमारतींचे कागद! युद्ध संपल्यावर मारिया आणि काझिमीएश प्येखोत्का या वास्तुविशारद पतिपत्नीने उरलेले आराखडे व छायाचित्रे गोळा करून त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. वाचकांपैकी बहुतेकांनी त्या इमारती पाहिल्या नव्हत्या, आणि पुढे कोणी पाहण्याचा संभव नव्हता.

हा ग्रंथ पुढे अमेरिकेत फ्रँक स्टेला या चित्रकाराच्या हाती पडला. रिचर्ड मायर या वास्तुविशारद मित्राने त्याला तो दिला होता. स्टेलाने १९७० ते १९७४ या काळात त्या मंदिरांच्या गावांची नावे देऊन मोठमोठ्या भिंतचित्रांची मालिका केली. पुठ्ठा, लाकूड, कापड यांचे कोन एकमेकांत अडकविलेले; छपरांचे सांधे जणू सुटे करून भिंतीवर ठोकलेले. जाणकार तिची थोरवी गातात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची माझी योग्यता नाही. मला मात्र असे वाटते की, ज्याला ते गाव ठाऊक नाही त्याला त्या चित्रातून गाव दिसणार नाही. गावाचे नाव तेवढे उरते. नाव उरणे हीही लहान गोष्ट नव्हे, हे मान्य. तथापि माझे मन अधिक रमते ते दुसऱ्याच एका प्रयत्नात. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

ग्वोझ्जेत्स हे आज युक्रेनमध्ये असलेले एक लहान गाव. तेथले लाकडी सिनेगॉग सतराव्या शतकातले. पुढे त्याचे छत उंचावून आत घुमटासारखा आकार साधला आणि १७२९ च्या सुमारास तो चित्रांनी भरून काढला. चित्रकारांपैकी एकाचे नाव इस्रायल बेन मोर्देखाय लिस्नित्स्की. याच माणसाने खोदोरूव गावचेही छत रंगविले होते. ग्वोझ्जेत्सच्या छतावर बारा राशींचे चक्र होते, आणि येथे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. मेष, वृषभ, कर्क, सिंह, तूळ, वृश्चिक, मीन. आपल्या पंचांगातल्याच त्या राशी. आपल्याकडचा एखादा ज्योतिषी त्या परक्या मंदिरात उभा राहिला असता तर हिब्रूचे एक अक्षरही न कळता छत वाचू शकला असता. टॉमस हबका या अमेरिकन अभ्यासकाने या छतावर एक ग्रंथच लिहिला. छत तंबूसारखे दिसावे अशीच बांधणाऱ्यांची इच्छा होती, असे त्याचे म्हणणे. लाल देवळाच्या नावातला तंबू येथे लाकडात उभा होता.

पहिल्या महायुद्धात हे मंदिर खिळखिळे झाले आणि दुसऱ्यात जर्मनांनी ते पुरते नष्ट केले. परंतु त्याचे भाग्य असे की, त्याकडे चित्रकारांची दृष्टी आधीच गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इझिडोर काउफमान हा व्हिएन्नाचा यहुदी चित्रकार त्या मुलुखात हिंडला आणि त्याने मंदिराच्या अंतर्भागाचे रंगीत चित्र केले. कारोल माश्कोव्स्की याने जलरंगात अभ्यासचित्रे केली. मग आलोइस ब्रायर नावाचा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी १९१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथे गेला. त्याने छायाचित्रे घेतली, मापे घेतली आणि भिंतीवरची चित्रे कागदावर उतरवून घेतली. छायाचित्रे काळीपांढरी होती. त्यांतून आकृती कळे, पण सिंहाची आयाळ कोणत्या रंगाची ते कळत नसे. ते या रंगीत चित्रांवरून कळले.

जवळजवळ शंभर वर्षांनंतर वॉर्सात, जेथे यहुद्यांना कोंडून ठेवले होते त्याच वस्तीच्या जागी, पोलंडमधल्या यहुद्यांच्या इतिहासाचे 'पोलिन' संग्रहालय उभे राहू लागले. तेथे ग्वोझ्जेत्सचे छत पुन्हा बांधावयाचे ठरले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील 'हँड्सहाउस स्टुडिओ' ही संस्था चालविणाऱ्या रिक आणि लॉरा ब्राउन या दाम्पत्याने एक हट्ट धरला: काम यंत्राने करावयाचे नाही. जुन्या सुतारांनी ज्या हत्यारांनी केले त्याच हत्यारांनी. २०११ साली सानोक गावी ओंडके आणले, कुऱ्हाडीने तासले, वाकसाने सपाट केले, हाताच्या करवतीने फळ्या पाडल्या. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी आणि सुतार खपत होते. २०११ आणि २०१२ च्या उन्हाळ्यांत पोलंडच्या गावोगावी रंगकामाच्या कार्यशाळा भरल्या, त्यांतल्या काही तर युद्धातून वाचलेल्या विटांच्या सिनेगॉगांतच. रंगाची भुकटी खलायची, सशाच्या कातड्याचा सरस ऊन करून त्यात मिसळायची, आणि ब्रायरच्या रेखाटनाशी ताडून फळी रंगवायची. चूक झाली की पुसून पुन्हा. २०१३ मध्ये ते छत संग्रहालयात चढविले. कायमचे दालन २०१४ च्या ऑक्टोबरात लोकांसाठी खुले झाले.

मला या हकीकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, सांधा कसा करावा हे त्या विद्यार्थ्यांना पुस्तकात सापडले नाही. आराखड्यात सांध्याची रेषा होती. परंतु तुळई कोणत्या बाजूने आत सरकवायची हे रेषा सांगत नाही. दोन-चारदा ओंडका फुकट गेल्याशिवाय हात शिकत नाही. आपल्याकडे वाडा दुरुस्त करणारा जुना सुतार हेच सांगेल. छपराबरोबर छपराची विद्याही गेली होती. ती हातांनी परत मिळवावी लागली.

यावर आक्षेप घेता येतो, आणि घेणारांनी तो घेतलाही पाहिजे. ते छत मूळच्या आकाराच्या पंच्याऐंशी टक्के आहे, कारण इमारतीत तेवढेच मावत होते. त्याच्या भोवती भिंती नाहीत. आणि ज्यांच्यासाठी ते होते ती माणसे नाहीत. शनिवारी सकाळी त्या राशिचक्राखाली प्रार्थनेचा गलबला होत नाही. शाळेची मुले रांगेने येतात, माना वर करतात आणि पुढच्या दालनात जातात. रंग ताजे आहेत, नको इतके ताजे. दोनशे वर्षांचा मेणबत्त्यांचा धूर सरसात कोठून मिसळणार? हे सर्व खरे. पण ती मुले माना तरी वर करतात! लेण्याद्रीच्या दगडी वाशांखालीही भिक्षू राहिलेले नाहीत.

आता आपल्या देशात येऊ. भारतात यहुद्यांवर त्यांच्या धर्मासाठी शासनाने वा शेजाऱ्यांनी हत्यार उचलले, असा डाग आपल्या अर्वाचीन इतिहासावर नाही, आणि त्याचा उल्लेख येथील यहुदी स्वतः आवर्जून करतात. येथली सिनेगॉग्ज जाळली गेली नाहीत. ती रिकामी झाली. १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर कोकणातले आणि कोचीनचे बहुतेक यहुदी कुटुंबकबिल्यासह तिकडे गेले. कोचीनच्या मट्टांचेरी भागात कडवुंभागम हे सोळाव्या शतकातले सिनेगॉग होते. माणसे गेली, इमारत वखारीसारख्या कामाला लागली. तिचा कोरीव आणि रंगीत लाकडी अंतर्भाग १९९० नंतरच्या काळात सोडवून जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयात नेऊन बसविण्यात आला. तो आज तेथे सुखरूप आहे. मागे राहिलेल्या भिंतींपैकी दर्शनी भाग सप्टेंबर २०१९ च्या पावसात कोसळला. नेले ते बरे केले की वाईट, यावर केरळात दोन मते ऐकू येतात. माझ्यापुरते म्हणाल तर, ज्यांचे ते होते त्यांनीच ते नेले, तेव्हा तक्रारीला जागा नाही. मात्र मट्टांचेरीच्या त्या गल्लीत उभे राहिले की काही तरी चुकल्यासारखे वाटतेच.

कोकणातली गोष्ट याहून शांत. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथली सिनेगॉग्ज उभी आहेत. ज्या बेने इस्रायलांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, त्यांची घरे मात्र गावागणिक दोन, चार, कोठे एकही नाही. प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. दहावा मिळेना की मंदिर मुके होते. ते पडण्याआधीच त्याची स्मृती राखावयाची तर काय करावे? जे वॉरोन्कर या अमेरिकन वास्तुविशारदाने वर्षानुवर्षे भारतात येऊन येथल्या सिनेगॉगांची मोजमापे घेतली आणि प्रत्येकाचे जलरंगात चित्र केले. चित्रे साधी आहेत: दर्शनी भाग, खिडक्या, रंग. ज्याला इमारत पुन्हा बांधावयाची आहे त्याला ती पुरतील. मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या सियोना बेंजामिन यांनी निराळी वाट धरली. त्या स्वतः बेने इस्रायल. त्यांच्या चित्रांत इमारत नाही. निळ्या अंगाच्या स्त्रिया आहेत, लघुचित्रांची वेलबुट्टी आहे, आणि भारतात उरलेल्या आपल्या समाजातल्या माणसांची व्यक्तिचित्रे आहेत. एकाने घर रेखाटले, दुसरीने घरातली माणसे. इस्रायलात गेलेल्या मंडळींनी तिकडे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले, तेही मी याच कामात धरतो.

शेवटी आपल्या घरची एक गोष्ट सांगतो. आंबेगाव तालुका आपण रोज म्हणतो. पण ज्या गावावरून हे नाव पडले ते मूळ आंबेगाव आज घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पोटात आहे. कचेऱ्या घोडेगावला, नाव आंबेगावचे, आणि गाव पाण्याखाली. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे, ते योग्यच झाले. धरणाच्या पाण्याने किती शेते हिरवी झाली हे आपण जाणता, आणि त्या पाण्यावर वाढलेल्या माणसाने धरणाविरुद्ध बोलू नये हेही मी जाणतो. कडक उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. लोक पाहावयास जातात.

मागे एका लग्नात पंगतीनंतर बसलो असता तिकडच्या एका वृद्ध गृहस्थांना मी जुन्या गावाविषयी विचारले. त्यांनी खिशातून लग्नपत्रिका काढली, तिच्या पाठीवर नदी काढली, वळण काढले, वाट काढली, देवळाचा चौकोन काढला आणि दार कोणीकडे होते ते बाणाने दाखविले. मग नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या काढू लागले, तो शेजारचे त्यांचे धाकटे बंधू म्हणाले, "दादा, पायऱ्या नऊ होत्या." दादा म्हणाले, "अकरा." दोघेही लहानपणी त्या पायऱ्यांवरून शेकडो वेळा धावलेले. बराच वेळ वाद झाला. आणखी दोघे जण त्यात पडले. अखेर वृद्ध गृहस्थांनी देऊळ आणि नदी यांच्यामधली जागा तशीच कोरी ठेवली, पत्रिकेची घडी केली आणि म्हणाले, "वैशाखात पाणी उतरलं की जाऊ. मोजून येऊ."